दुष्काळी माळावरची द्राक्षं : स्पेनची आणि आपली



डाळिंबाची बाग उपटून टाकलेलं रान सांगोला तालुक्यात बऱ्याच गावांत दिसतं. आधी तेल्या आला, मग मर आली, आणि २०२१-२२ च्या सुमारास खोडाला टाचणीएवढी भोकं पाडणाऱ्या किडीनं, म्हणजे पिन होल बोररनं, उभ्या बागा वाळवल्या. ज्या माळावर नुसती कुसळं उगवायची, तिथं डाळिंबानं पक्की घरं उभी केली, पोरांची शिक्षणं केली. तीच बाग मुळासकट काढताना जिवावर येतं. आणि काढल्यावर पुढचा प्रश्न उभा राहतोच : आता या रानात लावायचं काय?

कोणी द्राक्षाचं नाव घेतं. कोणी म्हणतं, खायची द्राक्षं तर सगळेच लावतात, आपण वाइनची लावू. शेजारच्या माळशिरस तालुक्यात अकलूजकडे लागलीच आहेत की. बोलणं सोपं आहे. पण द्राक्षबाग म्हणजे लोखंडी अँगल, तारा, ठिबक आणि वेली मिळून एकरी लाखांचा मामला. पंधरा-वीस वर्षांचा संसार मांडायचा तो पुरता विचार करूनच मांडावा.

म्हणून या पत्रकात फवारणीचं वेळापत्रक दिलेलं नाही. एका पिकाचा इतिहास सांगायचा आहे, आणि तो स्पेन देशापासून सुरू करायचा आहे. तुम्ही म्हणाल, स्पेन कुठं आणि सांगोला कुठं! पण जगात सगळ्यात जास्त जमीन द्राक्षवेलीखाली असलेला देश म्हणजे स्पेन. नऊ लाख हेक्टरांहून जास्त क्षेत्र आहे, आणि त्यातलं बरंचसं कोरडवाहू, उन्हानं करपणाऱ्या माळरानावर. शिवाय एका किडीनं सगळ्या बागा उपटायला लावायची वेळ त्यांच्यावरही आली होती. ती माणसं पुन्हा कशी उभी राहिली, हे आपल्या कामाचं आहे.

आपला मुलूख वारकऱ्यांचा, पंढरपूर हाकेच्या अंतरावर. वाइनशी आम्हाला काय करायचं, असंही कोणी म्हणेल. प्यावं की न प्यावं हा ज्याचा त्याचा विचार. इथं आपण पाहणार आहोत ती माती, पाणी, मुळी आणि बाजार.

मुळाला लागलेली कीड

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आणलेल्या द्राक्षवेलींबरोबर एक बारीक, पिवळसर, माव्याच्या कुळातली कीड युरोपात आली. तिचं नाव फायलोक्झेरा. ती मुळीतला रस शोषते, मुळी सडते आणि वेल दोन-चार वर्षांत वाळून जाते. वरून कितीही औषध मारा, कीड जमिनीखाली. १८६० च्या दशकात फ्रान्समधल्या बागा वाळायला लागल्या. स्पेनमध्ये दक्षिणेकडच्या मालागा भागात ती १८७८ साली पोचली, हेरेथ भागात १८९४ साली आणि उत्तरेच्या रिओहा भागात १८९९ साली.

मालागाचे डोंगरउतार बेदाण्यासाठी आणि गोड वाइनसाठी नावाजलेले होते. तिथल्या कित्येक बागा पुन्हा लागल्याच नाहीत. लोक गाव सोडून परदेशी गेले. ही गोष्ट ऐकताना आपल्याला १९७२ च्या दुष्काळात घरदार बंद करून बाहेर पडलेली माणदेशातली माणसं आठवतात.

औषध सापडलं ते मुळीतच. ज्या अमेरिकेतून कीड आली, तिथल्या जंगली वेली त्या किडीला दाद देत नव्हत्या. मग जंगली अमेरिकन वेलीची मुळी आणि वर आपली जुनी नावाजलेली जात, असं कलम करायचं ठरलं. जात तीच, फळ तेच, फक्त पाय बदलले. युरोपातल्या बहुतेक सगळ्या बागा आज अशा खुंटावर उभ्या आहेत.

आता आपल्या बागेकडे पाहा. १९९० च्या दशकापासून महाराष्ट्रात द्राक्ष लावायचं म्हणजे आधी डॉगरिजचं खुंटरोप लावायचं आणि मग त्यावर थॉम्पसनचं किंवा दुसऱ्या जातीचं कलम करायचं, ही रीत पडली. हा डॉगरिज अमेरिकेतल्या टेक्सास भागातल्या जंगली द्राक्षाचा वंशज आहे. वाइनच्या जातींसाठी वापरतात तो ११० आर हा खुंट तर फायलोक्झेराच्या संकटानंतर युरोपातच तयार झाला. तिकडं खुंट आला तो किडीमुळं, आपल्याकडं आला तो पाण्याची टंचाई आणि खारवट जमीन यांमुळं. कारण वेगळं, पण धडा एकच : संकट मुळाशी असेल तर इलाजही मुळाशीच करावा लागतो.

रिओहा : गिऱ्हाईक आलं आणि गेलं

स्पेनच्या उत्तरेला एब्रो नदीच्या खोऱ्यात रिओहा हा मुलूख आहे. इथली मुख्य जात टेम्प्रानिल्लो. स्पॅनिश भाषेत 'तेम्प्रानो' म्हणजे लवकर. ही काळी जात लवकर पिकते म्हणून तिचं हे नाव. आपल्या नाशिककडच्या काही बागांतही ती लागलेली आहे.

फ्रान्सच्या बागा वाळत होत्या तेव्हा तिथले बोर्दो शहराचे व्यापारी माल शोधत डोंगर ओलांडून रिओहात आले. आरो नावाच्या गावात रेल्वे स्टेशनाच्या आजूबाजूला वाइनची मोठमोठी गोदामं उभी राहिली. ओकच्या लाकडाच्या २२५ लिटरच्या पिपात वाइन मुरवत ठेवायची फ्रेंच पद्धत तिथं रुजली. १८८२ साली फ्रान्स आणि स्पेन यांच्यात व्यापाराचा करार झाला आणि मालाला उठाव आला. दर चढले तशी जो तो द्राक्षं लावू लागला.

पण फ्रेंचांनीही खुंटावर कलमं करून आपल्या बागा पुन्हा उभ्या केल्या. १८९२ साली तो करार संपला आणि गिऱ्हाईक माघारी गेलं. पाठोपाठ सात वर्षांत रिओहात फायलोक्झेरा आली. बाजार गेला आणि बागही गेली.

यातून रिओहा सावरलं ते नाव राखून. मधल्या काळात भलत्याच भागातली वाइन रिओहाच्या नावानं विकली जाऊ लागली होती. १९२५ साली त्या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं आणि राखणीसाठी नियमन मंडळ नेमलं गेलं. त्या मंडळात वाइन बनवणारेही असतात आणि द्राक्ष पिकवणारेही. त्यांचे नियम ऐकण्यासारखे आहेत. काळ्या द्राक्षाचं उत्पन्न हेक्टरी ६,५०० किलोच्या वर धरायचं नाही, म्हणजे एकरी साधारण २,६३० किलो. त्याहून जास्त माल रिओहाच्या नावावर चालत नाही. प्रत्येक बागायतदाराकडं कार्ड असतं आणि वजनकाट्यावर माल किती आला याची त्यावर नोंद होते. 'क्रियान्सा' असं लिहायचं असेल तर वाइन दोन वर्षं मुरलेली पाहिजे, त्यातलं निदान एक वर्ष ओकच्या पिपात. 'रेसेर्वा' तीन वर्षांची, 'ग्रान रेसेर्वा' पाच वर्षांची. लेबलावर एक लिहायचं आणि आत दुसरं भरायचं, हे चालत नाही.

तरी नाव म्हणजे जन्माचा विमा नव्हे. मागणी घटली तेव्हा २०२३ साली रिओहामधली शिल्लक राहिलेली वाइन सरकारी मदतीनं ऊर्ध्वपातन करून तिचं अल्कोहोल करावं लागलं. शंभर वर्षं नाव राखलेल्या मुलखावर ही पाळी येते, तर नवख्यानं किती जपून पाऊल टाकायचं!

हेरेथ : पावसाचे वाफे आणि पिपांचं विरजण

दक्षिण स्पेनमध्ये समुद्राजवळ हेरेथ हे गाव आहे. इथल्या वाइनला इंग्रज 'शेरी' म्हणतात, ते या गावाच्याच नावावरून. इथली माती पांढरीशुभ्र, चुनखडीची. तिला अल्बारिसा म्हणतात. पाऊस पडतो तो हिवाळ्यात, आणि उन्हाळा पुरता कोरडा. वेलीला उन्हाळाभर जगवते ती जमिनीत मुरलेली ओल.

ती ओल मुरवण्यासाठी तिथले शेतकरी काय करतात, हे सांगोल्याच्या माणसानं मुद्दाम ध्यानात घ्यावं. काढणी उरकली की वेलींच्या दोन ओळींमध्ये मातीचे चौकोनी वाफे पाडतात. उतारावरून वाहून जाणारं पाणी त्या वाफ्यांत अडतं आणि जागेवरच मुरतं. वसंतात वाफे मोडून जमीन सारखी करतात, वरचा थर मोकळा ठेवतात, म्हणजे खालची ओल उडत नाही. आपल्याकडं रब्बी ज्वारीसाठी सारे पाडतात, बांधबंदिस्ती करतात, तोच हा विचार. फरक एवढाच की तिथं फळबागेतही दरवर्षी न चुकता हे काम होतं. ठिबक आलं की पावसाचं पाणी अडवायचं विसरायचं, ही आपली खोड.

हेरेथची दुसरी रीत मुरवण्याची. पिपं एकावर एक अशी रचतात. सगळ्यात खालच्या रांगेत सगळ्यात जुनी वाइन. विकायला काढायची ती खालच्या रांगेतून, तीही थोडीच. पीप कधी रिकामं करायचं नाही. जेवढी काढली तेवढी वरच्या रांगेतून भरायची, त्या रांगेत तिच्या वरच्या रांगेतून, आणि सगळ्यात वर नव्या हंगामाची. या पद्धतीला सोलेरा म्हणतात. आपल्या घरातल्या विरजणासारखंच हे : कालच्या दह्यानं आजचं दूध लावायचं. एखादं वर्ष पावसानं दगा दिला तरी मालाची चव फारशी हलत नाही, कारण त्यात मागच्या कित्येक वर्षांचा माल मिसळलेला असतो.

या दक्षिणेतच पेद्रो हिमेनेथ नावाच्या जातीची द्राक्षं गवताच्या चटयांवर उन्हात वाळत घालतात आणि सुकत आलेल्या मण्यांचा रस काढून दाट, काळसर, अतिशय गोड वाइन करतात. द्राक्षं वाळवणं आपल्याला नवं नाही. नागज-जुनोनीच्या पट्ट्यातल्या बेदाण्याच्या शेड आपल्या रस्त्यावरच आहेत. आपला कोरडा वारा हा शाप नसून भांडवल आहे, हे त्या शेडवाल्यांनी ओळखलं.

जसं पाणी तसा मांडव

मध्य स्पेनमध्ये ला मांचाचं उंच पठार आहे. उन्हाळा भाजून काढणारा, हिवाळा कडाक्याचा, पाऊस बेताचा. इथली जुनी बाग पाहिली तर आपल्याला ती बाग वाटणारच नाही. ना अँगल, ना तार. गुडघा-मांडीएवढ्या उंचीची झुडपं, अडीच-अडीच मीटरवर एक. पानांची सावली घडांवर आणि बुंध्यावर पडावी म्हणून वेल मुद्दाम ठेंगणी ठेवतात. हिशेब केला तर एकरी साडेसहाशेच्या आसपास वेली. आपण ९ बाय ५ फुटांवर लावतो तेव्हा एकरी ९६८ बसतात. ओल थोडी असेल तर तोंडंही थोडीच ठेवायची, हा त्यांचा हिशेब. जात लावली ती आयरेन नावाची, कमी पाण्यावर तग धरणारी.

याच स्पेनमध्ये उत्तर-पश्चिमेच्या गालिसियात भरपूर पाऊस आणि समुद्राची दमट हवा. तिथं अल्बारिन्यो जातीच्या वेली ग्रॅनाइट दगडाच्या खांबांवर उंच मांडव घालून चढवतात. खालून वारा खेळावा, घड सुके राहावेत, बुरशी लागू नये, हा हेतू. आपला मांडव त्यांना लगेच ओळखू येईल.

आणि आफ्रिकेजवळच्या लान्सारोते या स्पॅनिश बेटावर तर नवलच. १७३० ते १७३६ अशी सहा वर्षं तिथं ज्वालामुखी धुमसत होता. सुपीक रानं काळ्या राखेखाली गाडली गेली. वर्षाचा पाऊस अवघा दीडशे मिलिमीटरच्या घरात. शेतकऱ्यांनी राखेत खोल खड्डे खणले, तळाच्या जुन्या मातीत एकेक वेल लावली, आणि वाऱ्याच्या बाजूला दगडांची अर्धगोल ताल रचली. वरची राख रात्रीचं दव धरते आणि खालची ओल उडू देत नाही. म्हणजे जमिनीवरचं आच्छादन! जी राख संकट म्हणून आली, तीच त्यांनी कामाला लावली.

एकाच देशात एक जण वेल जमिनीलगत ठेवतो, एक मांडवावर चढवतो, एक खड्ड्यात लावतो. कोणीही दुसऱ्याचं पाहून केलेलं नाही. जो तो आपल्या मातीला आणि पाण्याला विचारून वागला.

पाण्याबद्दल आणखी एक गोष्ट. वाइनच्या बागेला पाणी देण्यावर स्पेनमध्ये १९९६ पर्यंत कायद्यानं बंदी होती. उत्पन्न भलतं वाढून दर आणि गुण दोन्ही घसरू नयेत, हा हेतू. मोठ्या दुष्काळानंतर ती बंदी उठली आणि ठिबक सगळीकडं आलं. पण त्याच्याही आधीपासून ला मांचात इतर बागायती पिकांसाठी विहिरी-बोअरमधून उपसा इतका वाढला होता, की १९८० च्या दशकात तिथल्या गुआदियाना नदीचे उगमाचे झरे आटले. बोअरच्या खोलीवरून आपल्या गावात ज्या गप्पा चालतात, त्या तिथंही चालत असतील.

आपल्याकडची द्राक्षं

आता घरी येऊ. दख्खनला द्राक्ष परकं नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी दौलताबादला आला होता. तिथं द्राक्षं आणि डाळिंबं होतात आणि वर्षातून दोनदा फळतात, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. या नोंदीत आपल्या हवामानाची खूण आहे. स्पेनमध्ये थंडी पडली की वेल पानं गाळून झोपते. छाटणी एकदाच, हिवाळ्यात, आणि काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. आपली वेल झोपत नाही. म्हणून आपण तिला दोनदा छाटतो : एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. एकच फळ घ्यायचं ते कोरड्या, थंड दिवसांत घ्यायचं, ही आपल्या बागायतदारांनी बसवलेली घडी आहे.

जातींच्या बाबतीतही आपले शेतकरी मागं राहिले नाहीत. भोकरी आणि अनाब-ए-शाही मागं पडून थॉम्पसन आली. तासगाव तालुक्यातल्या बोरगावचे वसंतराव आर्वे यांना थॉम्पसनच्या बागेत वेगळी वेल दिसली, तिची तास-ए-गणेश झाली. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी सोनाका आणि काळी शरद सीडलेस या जाती पुढं आणल्या. पुण्याजवळ मांजरीला १९९७ साली राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झालं. खायच्या द्राक्षात आपण जगाच्या बाजारात उभे आहोत ते या डोळस माणसांमुळं.

वाइनचा हंगाम आणि वाइनचा फटका

वाइनची गोष्ट वेगळी झाली. १९८० च्या दशकात नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रानं फेसाळ वाइन करायचा कारखाना काढला आणि त्यांची वाइन परदेशात गेली. १९९० च्या दशकाच्या शेवटी नाशिकला राजीव सामंत यांनी सुला सुरू केली. सॉव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या पांढऱ्या जाती लावल्या. २००१ साली महाराष्ट्र सरकारनं द्राक्ष-वाइन धोरण आणलं. अबकारी करात सूट दिली. नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क काढले.

मग काय, रिओहात फ्रेंच व्यापारी आल्यावर झालं तेच झालं. वाइनऱ्या निघाल्या, करार झाले, खायच्या द्राक्षांच्या जागी वाइनच्या जाती लागल्या. २००८ साली जगात मंदी आली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, पर्यटक घटले, हॉटेलांतला खप बसला. गोदामात वाइन पडून राहिली. काही ठिकाणी माल उचललाच गेला नाही, काही ठिकाणी उचललेल्या मालाचे पैसे थकले. पुढच्या दोन-तीन हंगामांत नाशिक भागातल्या अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा उपटल्या.

इथं नेमकी गोम काय, ती नीट समजून घ्या. थॉम्पसनसारख्या द्राक्षाला तीन दारं असतात. माल देखणा निघाला तर निर्यात. ते जमलं नाही तर देशातला बाजार. दर पडले तर बेदाणा. साधारण चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा होतो, तो शीतगृहात ठेवून दर पाहून विकता येतो. वाइनच्या द्राक्षाला दार एकच. मणी बारीक, साल जाड, आत बिया. खायला कोणी घेत नाही, बेदाणा होत नाही. साखर २२-२४ ब्रिक्सला आली की चार दिवसांत माल वाइनरीच्या दारात गेलाच पाहिजे. ते एक दार बंद झालं तर वेलीवर माल सडताना पाहणं एवढंच हातात राहतं.

अकलूजचा माळ

मग अकलूजला कसं जमलं? माळशिरस तालुक्यातल्या मोटेवाडीसारख्या गावांच्या माळावर २००७ च्या सुमारास फ्रातेल्लीच्या बागा लागल्या. इटालियन भाषेत 'फ्रातेल्ली' म्हणजे भाऊ. इटलीचं सेक्ची, दिल्लीचं सेखरी आणि अकलूजचं मोहिते-पाटील, अशा तीन घरांतले भाऊ यात एकत्र आले, म्हणून ते नाव. इटलीच्या तोस्काना भागातले पिएरो मासी हे वाइन बनवणारे जाणकार तिथं आले आणि सांजोवेझे ही त्यांच्याकडची जात सोलापूर जिल्ह्याच्या मातीत रुजली.

आपण ज्याला दुष्काळी जिल्हा म्हणतो तिथं चांगलं वाइनचं द्राक्ष होतं, हे यातून सिद्ध झालं. पाऊस कमी म्हणजे बुरशीचा त्रास कमी. हलकी, निचऱ्याची जमीन म्हणजे वेल माजत नाही, मणी लहान आणि रस कसदार. पण दुसरी बाजू तेवढीच खरी आहे. तिथं बाग आणि वाइनरी एकाच मालकीची. माल कोण घेणार हा प्रश्न लागवडीच्या आधीच सुटलेला. भांडवल मोठं, थांबायची ताकद मोठी. दोन एकरवाल्यानं त्यांची बाग पाहून तशी बाग लावली, तर वेली सारख्या दिसतील, पण त्यामागचा आधार सारखा नसेल.

नाव आपलंही आहे

नावाच्या बाबतीत आपण रिकाम्या हातांचे नाही. नाशिकच्या खोऱ्यातल्या वाइनला २०१० च्या सुमारास भौगोलिक मानांकन मिळालं. २०१६ साली सांगलीच्या बेदाण्याला, मंगळवेढ्याच्या ज्वारीला आणि सोलापूरच्या डाळिंबाला मिळालं. म्हणजे रिओहासारखं कायद्यानं राखलेलं नाव सांगोल्याच्या शेतकऱ्याकडंही आहे, डाळिंबाच्या रूपानं.

पण रिओहात नावामागं वजनकाटा आहे, उत्पन्नाची मर्यादा आहे, शेतकऱ्यांनी स्वतःवर घालून घेतलेली शिस्त आहे. आपल्याकडं रोगट बागेतली गुटी कलमं स्वस्तात मिळतात म्हणून आणली गेली, विश्रांती न देता बहार धरले गेले, आणि तेल्या-मर एका शिवारातून दुसऱ्या शिवारात गेली. एकट्यानं बाग स्वच्छ ठेवून भागत नाही. शेजाऱ्याचा बांध लागूनच असतो. फायलोक्झेराशी झगडताना युरोपातल्या बागायतदारांना हे कळलं. सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ सालापासून आहे. रोगमुक्त रोपं, बहाराची विश्रांती आणि खोडाची निगा यांबद्दल तिथला सल्ला गावानं मिळून घेतला तर त्याचा उपयोग होईल.

लावण्याआधी हे विचारा

१. माझ्या पिकाला विक्रीची दारं किती? एकच असेल तर ते बंद झाल्यावर मी काय करणार?

२. घेणाऱ्याशी करार लेखी आहे का? किती वर्षांचा? दर, ब्रिक्स, माल नाकारण्याच्या अटी आणि पैसे देण्याची मुदत त्यात लिहिलेली आहे का? कागद वाचून घेतल्याशिवाय सही करू नका.

३. माझ्या विहिरीला मे महिन्यात पाणी किती असतं? बाग पावसाळ्यातल्या पाण्यावर नव्हे, मे महिन्यातल्या पाण्यावर मोजून लावा. बागेत पावसाचं पाणी अडवायची आणि आच्छादनाची सोय आधी करा.

४. माती आणि पाणी तपासलं का? त्यावरून खुंट ठरवा, मग जात ठरवा. रोपं ओळखीच्या, खात्रीच्या रोपवाटिकेतून आणा.

५. सगळं रान एकाच पिकाखाली घालतोय का? एक कीड आली तर घर चालवायला दुसरं काय राहील?

या पाचांची उत्तरं देता आली तर द्राक्ष लावा, वाइनचं लावा, नाहीतर रान वर्षभर हिरवळीच्या खताला देऊन पुन्हा डाळिंबच लावा. उत्तरं देता येत नसतील तर एक हंगाम थांबा. त्या हंगामात ज्वारी, मटकी, करडई घ्या, जमिनीला विसावा द्या, आणि जमेल तेव्हा चार जण मिळून अकलूजकडच्या बागा, नान्नजच्या बागा आणि जुनोनीच्या बेदाणा शेड पाहून या. जाताना वही न्या आणि तिथल्या शेतकऱ्याला उत्पन्नाबरोबर खर्चही विचारा.